मामाचा यशिका मॅट १२४ जी : बुरशी, अडकलेलं शटर आणि पुन्हा रोल घालायचाय

वाशिष्ठी | २८ जून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

माझ्या मामाचा चिपळूणला फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्न, बारसं, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं करायचा. डिजिटल आल्यावर काही वर्षं रेटलं आणि मग बंद केला, पण गाळा हातातच होता आणि निगेटिव्ह सगळ्या तिथेच पत्र्याच्या ट्रंकांमध्ये होत्या, प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने नाव, तारीख आणि किती फोटो. २२ जुलै २०२१ च्या पुरात गाळ्यात छतापर्यंत पाणी होतं. चार दिवसांनी ट्रंका उघडल्या तर आत नुसता चिखलाचा लगदा. त्यावर मामा आजही बोलत नाही.

कॅमेरे मात्र वाचले कारण ते घरी वरच्या मजल्यावर कपाटात होते. एक यशिका मॅट १२४ जी (वरून बघायचा, दोन लेन्सवाला) आणि एक रशियन झेनिट, त्याला हेलिओस ४४-२ लेन्स. दोन्ही लेदर केसमध्ये, केसमध्ये मामीने टाकलेल्या डांबरगोळ्या. मागच्या आठवड्यात ठाण्याला घेऊन आले. अवस्था अशी की यशिकाच्या खालच्या लेन्समध्ये टॉर्च मारला की कडेपासून आत येणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, वरच्या लेन्समध्ये पण आहेत पण कमी. शटर १/१२५ ला बरं वाटतं, १ सेकंदाला लावलं तर उघडतं आणि उघडंच राहतं, बोटाने जरा टिचकी मारली की बंद होतं. मागचं दार उघडलं तर कडेचा काळा फोम डांबरासारखा बोटाला चिकटून आला. उजेड मोजायच्या मीटरचा काटा हलत नाही. झेनिटच्या हेलिओसची फोकस रिंग इतकी जड की दोन हातांनी पण जेमतेम फिरते.

एका दुकानात दाखवला तर हातात न घेताच म्हणाले शोकेसमध्ये ठेवा, आता याचं काही होत नाही. मामा ७६ वर्षांचा आहे. मला यात रोल घालून त्याच्या हातात द्यायचाय, येत्या गणपतीत. होईल का? काय आधी करू, काय अजिबात करू नको?

कोथरूडचा | २८ जून

होईल. १२४ जी पूर्ण मेकॅनिकल आहे, बॅटरी फक्त मीटरला लागते, म्हणजे मीटर मेला तरी कॅमेरा मेलेला नाही. सगळ्यात आधी ती लेदर केस वेगळी करा, लेदर ओल धरतं आणि बुरशीचं घर तेच असतं. आणि डांबरगोळ्या फेका! कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की नॅफ्थलीन किंवा कापराच्या गोळ्यांजवळ ठेवू नका, आपल्याकडे मात्र प्रत्येक कपाटात त्या असतातच.

तेरावी_फ्रेम | २९ जून

वाशिष्ठी ताई, स्वागत. मी गेली नऊ वर्षं फक्त यशिकाचे टीएलआर म्हणजे दोन लेन्सवाले कॅमेरे वापरतोय (आधी ६३५, आता १२४ जी) तर जे हाताने केलंय तेवढंच सांगतो.

आधी बुरशी. तिचे बीजाणू सगळ्याच लेन्समध्ये असतात, हवेतूनच येतात, पण दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला आणि अंधार मिळाला की ती वाढायला लागते. कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिला दुसरं काही लागतच नाही. ती धूळ आणि ग्रीसच्या वाफेवर जगते, पण जगताना आम्ल सोडते, आणि ते आम्ल आधी कोटिंग आणि मग काच खातं. म्हणून जितकं लवकर काढाल तितकं बरं. पुसल्यावर धागे जातात पण कधीकधी त्यांच्या जागी पुसट नक्षी उरते, ती काचेतच कोरलेली असते, ती जात नाही. त्याने फोटोला फारसा फरक पडत नाही, उजेडाकडे तोंड करून काढलात तर जरा धुरकट येतो इतकंच.

तुमची खालची लेन्स टेसार या जुन्या जर्मन लेन्सच्या धाटणीची, ४ काचांची आहे, ८० एमएम एफ ३.५. पुढे दोन सुट्या काचा, मध्ये शटर, मागे दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या. बुरशी बहुतेक वेळा शटरच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागांवर असते आणि तिथपर्यंत पोचता येतं कारण पुढचा ग्रुप, म्हणजे काचांचा संच, स्क्रूसारखा फिरवून निघतो (रबरी बूच किंवा बाटलीच्या तोंडाचं रबर दाबून फिरवायचं, धातूचा पाना अजिबात नको, घसरला की काचेवर ओरखडा). शटर बी वर (बटण दाबून असेपर्यंत उघडं राहतं) लावून उघडं ठेवलं की पलीकडचा मागचा ग्रुप पण दिसतो. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्यात थोडा अमोनिया, लेन्स टिश्यूच्या सुरळीला जेमतेम ओलं करून काचेवर फिरवायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल. थेंब टाकायचा नाही, ओघळून कडेने आत जातो. खिडक्या उघड्या ठेवा, अमोनियाचा वास डोक्यात जातो.

चिकटवलेल्या जोडकाचेच्या मधोमध धागे असले तर मात्र हात लावू नका, ते घरचं काम नाही.

शटर उघडं राहतंय ते मोडलेलं नाही, जुनं तेल घट्ट झालंय. मंद वेगांसाठी आत घड्याळासारखी दातेरी चाकं असतात आणि तीच आधी अडकतात, म्हणून १/१२५ बरं वाटतं आणि १ सेकंद लटकतं. आणि एक कळकळीची विनंती, कुणीही काहीही सांगितलं तरी मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४०, खोबरेल, यातलं काहीही शटरमध्ये सोडू नका. पाती कोरडीच चालतात. तेलाचा थेंब पातींवर पसरला की त्या एकमेकींना चिकटतात आणि मग खरंच सगळं खोलावं लागतं.

काळापांढरा | २९ जून

वरचं सगळं बरोबर आहे पण मी वेगळं सांगेन. पहिल्यांदाच करणाऱ्याने मामांच्या कॅमेऱ्यावर हात साफ करू नये. शिकायचं तर जुन्या बाजारातून पाचशे-सातशेचा बंद पडलेला एखादा उचला (पुण्याला रविवारी-बुधवारी, नाहीतर मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटला), तो खोला, जोडा, पुन्हा खोला. हा कॅमेरा माणसाकडे द्या. लेन्सच्या पुढच्या रिंगा काढताना माझ्याकडून एका चांगल्या कॅमेऱ्याची पहिली काच कडेने टवका उडून गेली, ती परत मिळाली नाही, ते अजून मनातून जात नाही.

फोम मात्र स्वतः बदला, ते कुणीही करू शकतं. जुना फोम आयपीएमध्ये (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) भिजवलेल्या इअरबडने आणि दातकोरणीने काढायचा, खोबणीतून पूर्ण निघेपर्यंत, एक अख्खी संध्याकाळ जाते. कॅमेरा उलटा धरायचा म्हणजे चुरा आत न पडता खाली पडेल. नंतर काळं लोकरीचं सूत खोबणीत बसवलं तरी उजेड अडतो, दीड-दोन एमएमचा काळा फोम मिळाला तर उत्तमच.

तेरावी_फ्रेम | २९ जून

हे मान्य. फोम स्वतः, शटर कारागिराकडे, लेन्सचं ताईंनी ठरवावं.

हायपो | १ जुलै

वाशिष्ठीताई, तुमचा धागा वाचला आणि दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं. मी कोल्हापूरकडचा, १९७४ ते २००९ स्टुडिओच केला, तुमच्या मामांसारखाच. पाकिटावर पेन्सिलीने नाव लिहायचो ते वाचून पोटात तुटलं. पेन्सिलच का, तर शाई ओलीत पसरते आणि निगेटिव्हवर उतरते, पेन्सिल राहते. मामांनी सगळं नीट केलं होतं हो, पाण्यापुढे कुणाचं चालत नाही.

तुमच्या पिढीला सांगतो की यशिका म्हणजे आमच्यासाठी पोट होतं. १२० चा रोल, १२ फोटो, संपले की संपले. लग्नात अक्षता पडतात तेव्हा एक, हार घालताना एक, सप्तपदीला एक, बिदाईला एक, आणि रोल बदलायला अर्धं मिनिट, त्या अर्ध्या मिनिटात काही चुकलं तर आयुष्यभर ऐकून घ्यायचं. म्हणून आमचे हात बसले होते. कृष्णधवलला ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू मिळायचा, बाहेरचा माल नसेल तेव्हा त्याने तारून नेलं.

आता कामाचं. मॅट वापरताना काही सवयी लावून घ्या, कारण या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही.

एक तर कपाटात ठेवताना शटर कधी चढवून ठेवायचं नाही, स्प्रिंग ताणून राहते. काम झालं की क्लिक करून मोकळं करायचं. मग दर पंधरा दिवसांनी, रोल नसला तरी, १ सेकंदापासून १/५०० पर्यंत सगळे वेग दोन-दोनदा चालवायचे. १/५०० लावायचा असेल तर क्रँक फिरवायच्या आधी लावायचा, चढवल्यानंतर तो जड जातो आणि जोर केला तर आतलं काही तरी मोडतं. सेल्फ टायमरला हात लावू नका, इतक्या वर्षांनी तो मध्येच अडकला तर शटर घेऊन बसतो.

प्रेशर प्लेट (दाराच्या आतली, फिल्म दाबून धरणारी पट्टी) १२ वर आहे ना बघा, २४ वर असेल तर ती २२० च्या रोलसाठी असते आणि फिल्म नीट सपाट बसत नाही. रोल घालताना कागदावरचा बाण कॅमेऱ्याच्या खुणेसमोर आणायचा, दार बंद, क्रँक फिरवत राहायचं, आकडा १ वर आला की आपोआप थांबतं. जोर नको. आणि हे सगळं सावलीत, उन्हाला पाठ करून.

आणखी एक, पोर्ट्रेट जवळून घेताना. तुम्ही बघता वरच्या लेन्समधून, फोटो निघतो खालच्या लेन्समधून. लांबचं असलं तर फरक नाही, पण माणूस तीन-चार फुटांवर असला की खालची लेन्स खालचं बघते आणि डोक्याचा वरचा भाग कापला जातो. म्हणून फोकस, कम्पोज सगळं झालं की कॅमेरा सरळच्या सरळ तीन बोटं वर उचलायचा आणि मग दाबायचं. दोन लेन्समधलं अंतर साधारण तेवढंच आहे. मामांना हे सांगावं लागणार नाही.

मीटर सोडून द्या. त्यात पारा असलेली १.३५ व्होल्टची पीएक्स ६२५ बॅटरी लागायची, ती जगभर बंद झाली. १.५ व्होल्टची साधी घातली तर काटा जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळवंडतो. आम्ही तसंही डोळ्यानेच काढायचो.

कोथरूडचा | १ जुलै

काका, असं लिहीत राहा हो, हे कुठेच मिळत नाही.

मीटरबद्दल एक, कानाच्या मशीनची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी मेडिकलमध्ये मिळते, ती १.४ च्या आसपास देते, एक रबरी रिंग लावून जुन्या ६२५ च्या जागी बसते. स्टिकर काढला की दोन-तीन महिन्यांत संपते पण स्वस्त आहे. तरी काटा हलत नसेल तर फोनवरचं लाइट मीटर ॲप पुरे. नाहीतर सनी १६ हा अंदाजाचा नियम, कडक ऊन असेल तर एफ (लेन्स किती उघडी तो आकडा) १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या (उजेड टिपायच्या वेगाचा आकडा) जवळचं, म्हणजे ४०० च्या रोलला १/५००. ढगाळ असेल तर एफ ८, भरून आलं असेल तर एफ ५.६. ठाण्याला जुलैत तुम्हाला शेवटचे दोनच लागतील.

अनवट | २ जुलै

याच धाग्यात विचारलं तर चालेल का? माझ्याकडे वडिलांचा यशिका इलेक्ट्रो ३५ आहे, १९७५ च्या सुमारास घेतलेला. फिल्म पुढे सरकवताना पूर्वी आतून एक टक् असा आवाज यायचा म्हणतात वडील, आता येत नाही, आणि कितीही कमी उजेड असला तरी शटर खाटकन उघडून बंद होतं.

तेरावी_फ्रेम | २ जुलै

अनवट, तो टक् आवाज महत्त्वाचा. आत एक छोटासा रबराचा तुकडा असतो, त्यावर एक दांडी आपटून शटरला बॅटरीशी जोडते. चाळीस-पन्नास वर्षांत ते रबर चुरा होतं, आवाज जातो आणि कॅमेरा बॅटरी नसल्यासारखा वागतो, म्हणजे सगळे फोटो १/५०० ला. या मॉडेलचं हे सगळ्यात नेहमीचं दुखणं आहे. टॉप कव्हर आणि पुढचं लेदर काढावं लागतं, कारागिराला तासाभराचं काम. त्याआधी बॅटरी तपासा, त्याला मुळात ५.६ व्होल्टची लागायची, आता ६ व्होल्टची ४एलआर४४ अडॅप्टर लावून चालते. बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरी बुरी धरली असेल तर इअरबडला व्हिनेगर लावून पुसा, मग आयपीए. आणि कॅमेरा वापरत नसाल तेव्हा बॅटरी बाहेर! सगळ्यांसाठीच सांगतो, जितके कॅमेरे पडून नासतात त्यातले निम्मे फुटलेल्या बॅटरीने गेलेले मी स्वतः बघितलेत.

कोकणस्थ_लेन्स | ३ जुलै

मी जरा वेगळा विचार मांडतो. हेलिओस मिररलेस डिजिटल कॅमेऱ्याला लावा. त्या झेनिटवर रोलमागे हजार रुपये घालवण्यापेक्षा एम ४२ चा (हेलिओसचा आट्यांचा माउंट) अडॅप्टर हजार-बाराशेला येतो आणि रोज वापरता येते. हेलिओस ४४-२ ही जर्मन बायोटारवरून घेतलेली लेन्स, ५८ एमएम एफ २, मागे झाडाची पानं असली की ती गोल भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात, तो परिणाम कुठल्या फिल्टरने येत नाही. एम ४२ चं माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ एमएम आणि सोनी ई चं १८, त्यामुळे मध्ये भरपूर जागा आणि अनंतावर फोकस नीट येतो. कॅननच्या जुन्या डीएसएलआरवर पण चालतं (४४ एमएम). निकॉन डीएसएलआरवर मात्र नको, तिथे ४६.५ आहे, त्यामुळे लांबचं शार्प येतच नाही, काच असलेला अडॅप्टर लावून गुणवत्ता जाते.

रिंग जड आहे कारण जुनं ग्रीस मेणासारखं झालंय. हेलिकॉइड (फोकस रिंगचे आतले आटे) उघडायचं असेल तर कुठल्या बिंदूला दोन भाग सुटतात तिथे मार्करने खूण करा, त्यात आट्यांच्या सहा-सात सुरुवाती असतात, चुकीच्या सुरुवातीला बसवली तर अनंत हरवतो. लायटरच्या पेट्रोलने जुनं ग्रीस पूर्ण काढून नवीन अगदी पातळ थर.

काळापांढरा | ३ जुलै

लेन्स मिररलेसला लावणं छानच, मी पण करतो. पण "त्यापेक्षा" हा शब्द मला पटत नाही. मामांना स्क्रीन बघायची नाहीये, त्यांना क्रँक फिरवायचीये.

कोकणस्थ_लेन्स | ३ जुलै

बरोबर बोललात. शब्द मागे घेतो. हेलिओसबद्दलचं तेवढं घ्या.

मांडवी | ५ जुलै

पणजीहून. साठवणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. इथे पावसात घरात ८५-९० टक्के दमटपणा महिनोन्महिने असतो, तीन लेन्स गमावल्यावर शिकले. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल अर्धा किलो आणि तीन-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर. ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचं. अगदी २०-२५ वर नेऊ नका, तेल आणि ग्रीस सुकतं. निळे खडे गुलाबी झाले की मी कढईत मंद आचेवर परतून घेते, पुन्हा निळे होतात.

कोथरूडचा | ५ जुलै

मांडवी ताई, ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, प्लीज. निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते पोटात जायला नको. वेगळं जुनं भांडं ठेवा नाहीतर केशरी खडे घ्या, ते ओले झाले की हिरवे होतात आणि त्यात कोबाल्ट नसतं.

मांडवी | ५ जुलै

हे माहीत नव्हतं. आजच कढई बाजूला काढली. मनापासून आभार.

वाशिष्ठी | २४ जुलै

सगळ्यांचे खूप खूप आभार, काय काय झालं ते सांगते.

काळापांढरा यांचं ऐकून शटर आणि लेन्स दोन्ही कारागिराकडे दिली. एक ओळखीतून मिळाले, घरूनच काम करतात, कॅमेरा हातात घेतल्यावर पहिलं कानाजवळ नेऊन १ सेकंदाला चालवला आणि डोळे मिटून ऐकला. म्हणाले चाकं बरी आहेत, नुसती झोपलीयेत. सोळा दिवस लागले, साडेतीन हजार घेतले. पुढची काच स्वच्छ निघाली, मागच्या ग्रुपवर एका कडेला नखाएवढी पुसट नक्षी राहिलीये, ती काचेत उतरलीये म्हणाले. आता १ सेकंद म्हणजे खरंच १ सेकंद आहे, तो बारीक घुर्र आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पुन्हा पुन्हा चालवत बसले.

फोम मी स्वतः काढला. लिहिल्याप्रमाणेच एक संध्याकाळ गेली.

आता एचपी ५ या कृष्णधवल फिल्मचे दोन रोल मागवलेत. धुवायला कुठे देऊ? की घरी करू? पावसात घरी जमेल का?

काळापांढरा | २४ जुलै

घरी करा, कृष्णधवल घरी धुणं अवघड नाही. डी-७६ डेव्हलपर एकास एक पाणी मिसळून, २० अंशांना ११ मिनिटं. आपल्याकडे नळाचं पाणी आत्ता २७ च्या आसपास असतं म्हणून पातेल्यात बर्फ घालून त्यात केमिकलच्या बाटल्या ठेवायच्या आणि थर्मामीटर २० ला आला की सुरू. जरा जास्तच असेल तर वेळ कमी करावा लागतो, पण ५ मिनिटांच्या खाली गेलात तर डाग येतात, म्हणून एकास एकच बरं, वेळ लांब मिळतो. सगळी बाटली-पाणी एकाच तापमानाला ठेवा, हायपो म्हणजे फिक्सरसुद्धा.

पावसातला खरा त्रास वेगळाच, रीळ (धुताना फिल्म ज्यावर गुंडाळतात ते)! प्लास्टिकच्या रीळवर दमट हवेत किंवा घामेजल्या हाताने १२० ची फिल्म अर्ध्यात अडकते आणि अंधारात जोर केला की चुरगळते. आदल्या रात्री रीळ हेअर ड्रायरने कोरडं करून घट्ट डब्यात ठेवा, फिल्म एसीच्या खोलीत भरा. आधी एक खराब रोल उजेडात, मग डोळे मिटून, दहा-वीस वेळा भरून बघा.

हायपो | २५ जुलै

शेवटची धुलाई बोअरच्या पाण्याची नको. क्षाराचे ठिपके वाळल्यावर दिसतात आणि मग पुसता येत नाहीत. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात वेटिंग एजंटचे (याने पाणी थेंब न धरता निथळतं) दोन थेंब, अर्धं मिनिट बुडवा आणि बाथरूममध्ये क्लिपने लटकवा, खाली वजनाला दुसरी क्लिप. आधी बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ करायची, धूळ खाली बसते. पंखा लावायचा नाही.

लेस्टरची | २ ऑगस्ट

मी गणपतीला लेस्टरहून येतेय, माझा पण ऑलिम्पस ट्रिप ३५ सोबत आहे (तो १९६७ पासूनचा, बॅटरी लागतच नाही, उजेडावरच चालणारा सेलेनियम मीटर). एअरपोर्टवर रोल स्कॅनमधून गेला तर?

कोथरूडचा | २ ऑगस्ट

चेक-इन बॅगेत अजिबात नको, तिथले स्कॅनर फार जोराचे. हातातल्या बॅगेत ठेवा आणि नवीन सीटी स्कॅनर असतील तिथे हाताने तपासायची विनंती करा, सीटीमधून ४०० चा रोल पण धूसर होऊ शकतो. पारदर्शक पिशवीत, डबीतून बाहेर काढून ठेवलात तर लवकर ऐकतात. सगळ्यात उत्तम म्हणजे इथेच रोल घ्या आणि इथेच धुवा.

वाशिष्ठी | ९ सप्टेंबर

रोल झाला!

मामाला काही सांगितलं नव्हतं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला. आधी काही बोललाच नाही. हूड उघडलं, भिंग वर केलं, क्रँक अर्धी मागे नेऊन परत आणली, आणि मला म्हणाला, शटर मोकळं आहे ना, की चढवलंयस? मग म्हणाला रोल कितीचा.

पहिले सात मी काढले. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं त्यामुळे मी उजवीकडे सरकवायला गेले की ते पळून जातं, प्रत्येक वेळी. मामीचा जवळून काढला, ओटीच्या कठड्याला टेकून उभी, आणि घाईत हायपोकाकांचं तीन बोटांचं विसरले. त्यात मामीचा अंबाडा आणि कपाळाचा वरचा भाग गेला, कुंकू अगदी कडेला आहे.

मग मामाने घेतला. हात थोडा कापतो त्याचा, म्हणून पट्टा मानेत घालून खाली ताणून धरला, कोपर पोटाशी. मी शेजारून बघत होते. फोकस केला, मामीला म्हणाला हनुवटी जरा खाली, आणि दाबायच्या आधी कॅमेरा हळूच सरळ वर उचलला. तीन बोटं. खाली बघतसुद्धा नव्हता तो, मामीकडे बघत होता.

परवा ठाण्याला धुतला. बर्फ, थर्मामीटर, सगळं लिहिल्याप्रमाणे. मामाची फ्रेम निगेटिव्हवरच ओळखू येते, डोक्यावर नीट जागा आहे, मागे ओल्या माडांचा झाप, डोळे एकदम स्वच्छ. १२ पैकी ९ चांगले आलेत, दोन माझे हलले, एक मामीचा कापलेला. फोनवर सांगितलं तर त्याने आधी विचारलं पाकिटावर काय लिहिलंस. मी काही लिहिलंच नव्हतं. मग त्याने सांगितलं तसं पेन्सिलीने लिहिलं, आडनाव, तारीख, १२ पैकी ९.

एक प्रश्न आहे. शेवटच्या तीन फ्रेम्सना एका कडेने काळी धुरकट पट्टी आहे निगेटिव्हवर (प्रिंटमध्ये पांढरी येईल). फोम तर नवीन आहे. कशाने?

तेरावी_फ्रेम | ९ सप्टेंबर

ताई, मस्तच! खूप आनंद झाला.

पट्टी फक्त शेवटच्या फ्रेम्सना आणि कडेलाच असेल तर फोम नाही, रोल बाहेर काढताना सैल गुंडाळला गेलाय आणि कडेने उजेड आत शिरलाय. पुढच्या वेळी कॅमेरा उघडल्या उघडल्या अंगठ्याने कागद घट्ट धरा, सावलीत कागदी पट्टी जिभेने ओली करून आवळून चिकटवा आणि लगेच काळ्या पिशवीत टाका. तरीही आलं तर ज्या बाजूला रोल गुंडाळला जातो तिथली स्प्रिंग बघा, ती ढिली झाली असेल तर रोल जाड होतो. पत्ती बोटाने किंचित आत वाकवली की पुरतं.

हायपो | १० सप्टेंबर

मामांच्या त्या फ्रेमची ८ बाय १० ची कॉपी काढा, मॅट कागदावर. आणि मामींना दाखवलीत का?

वाशिष्ठी | १० सप्टेंबर

काका, प्रिंटला दिलीये, शुक्रवारी मिळेल. मामींना व्हॉट्सॲपवर नाही पाठवली, शनिवारी घेऊनच जाणार आहे. दुसरा रोल मामानेच ठेवून घेतलाय.